नको असलेली स्थळं

आमच्या वधू-वर मंडळाची फाईल उघडायची असली की मी आधी गॅसवर चहा ठेवायची आणि मग फाईलवर क्लिक करायची. चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा तरी संगणक विचारच करत असायचा. मग पडदा पांढरा करून गप्प बसायचा. लग्न जमवणाऱ्या फाईलने इतकं लाजावं याची मला तेव्हा चीड यायची.

मी मंडळाची सचिव आहे. दिवसा एका बियाणे कंपनीत नोंदी सांभाळते. कुठल्या पिशवीत कुठलं वाण, कुठल्या शेतातलं, उगवण किती, असं ते काम. रविवारी जालन्याच्या मस्तगडात भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसून समाजातल्या मुलामुलींच्या नोंदी सांभाळते. दोन्ही कामं सारखीच आहेत, फक्त बियाण्याच्या पिशवीवर खरं लिहावं लागतं.

मंडळाचं जुनं सॉफ्टवेअर ज्याने करून दिलं होतं तो आधी पुण्याला गेला, तिथून परदेशात गेला आणि पासवर्ड सोबत घेऊन गेला. एकच बटण चालू राहिलं होतं, सगळा माल एका एक्सएमएल फाईलमध्ये बाहेर काढण्याचं. ही फाईल म्हणजे सरळ हिशेब असतो. प्रत्येक स्थळ एका पिशवीत. पिशवीच्या तोंडाशी एक खूण, शेवटी दुसरी खूण, आणि आत नाव, गाव, शिक्षण, उंची, रंग अशा लहान पिशव्या. आमच्या फाईलमध्ये फोटोसुद्धा अक्षरांत बदलून आत कोंबलेले होते. एक मुलगा म्हणजे पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, अर्थ शून्य. शिवाय फोटो कोणी एक देत नाही. उभा, बसलेला, मोटारसायकलला रेललेला आणि एक स्टुडिओतला, बर्फाच्या डोंगरापुढे. जालन्यात बर्फ कुठून आला हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

मेळाव्याच्या आधी मंडळाने मोबाईलवर दिसणारी वेबसाइट करायचं ठरवलं. साइट करणारा म्हणाला, एवढी फाईल मला नको, चालू स्थळं तेवढी द्या. आमचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले साहेब आहेत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "नको ती स्थळं काढून टाका, मॅडम. तुमच्या हातचं काम आहे."

कोणती नको, हे सांगायला ते थांबले नाहीत. काम सुरू झालं तेव्हा लक्षात आलं की ज्याला विचारावं तो म्हणतो आमचं राहू द्या. एवढ्या मोठ्या फाईलमध्ये स्वतःहून नको असलेल्यांत जायला निघालेली बाई एकच निघाली, आणि तिला काढणंच सगळ्यांत अवघड गेलं. पण तिच्याकडे येण्याआधी मी काय घोळ घातले ते सांगते, कारण तिला काढायला त्यांचाच उपयोग झाला.

मी यादीशिवाय हलत नाही. किराण्याला यादी, गावाला जायचं तर यादी, नवऱ्याला रविवारी सकाळी यादी. त्यामुळे आधी काढायच्या स्थळांची यादी केली: लग्न झालेली, दोनदा नोंदलेली, फोन बंद असलेली. कागदावर फार छान दिसत होतं. मग मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला, ज्यांची लग्नं झाली त्यांनी कळवा, नको असलेली नावं काढणं सुरू आहे. कळवलं जेमतेम चार जणांनी. आमच्याकडे लग्न ठरलं तर दृष्ट लागेल म्हणून सांगत नाहीत, आणि अक्षता पडल्यावर म्हणतात, नाव असू द्या, धाकटा आहे अजून. म्हणजे नाव मोठ्याचं, फोटो मोठ्याचा आणि स्थळ धाकट्याचं. एका गृहस्थांनी स्वतःच फोन करून सांगितलं की माझं लग्न झालंय, तरी राहू द्या, बघू. काय बघू, ते मी विचारलं नाही.

मग मी स्क्रिप्ट लिहायला बसले. संगणकाला करायला दिलेल्या कामांची तीही एक यादीच असते, म्हणून ती मला जमते. पहिला प्रयत्न आडदांड होता. लग्न झालेल्याचं नाव शोध आणि तिथून पुढच्या अमुक ओळी काप. त्यात परतूर तालुक्यातल्या एका मुलाच्या पिशवीचं तोंड बांधायची खूणच कापली गेली. संगणकाच्या मते तो मुलगा संपलाच नाही. त्याच्यामागची सगळी स्थळं, मुलगे काय नि मुली काय, त्याच्या पोटात गेली. एवढं मोठं कुटुंब असलेला उपवर आमच्या मंडळाने याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या वेळी शहाणपणा केला. अख्खी फाईल एकदम गिळायची नाही. एक पिशवी उचलायची, उघडायची, नियम लावायचा, हवी असली तर नव्या फाईलमध्ये टाकायची, नसली तर सोडायची, आणि तिला विसरून पुढची उचलायची. हे इतकं सुरळीत चाललं की मला गाणं सुचायला लागलं. दुबार स्थळांसाठी नियम लावला होता: आडनाव एक, गाव एक, जन्मतारीख एक, तर माणूस एक. पहिला ठेवा, बाकीचे काढा.

हा नियम दुसरीकडे कुठेतरी चालला असता. आमच्याकडे शाळेत नाव घालताना ज्याच्या घरच्यांना तारीख आठवली नाही त्याला गुरुजींनी एक जून बहाल केली, आणि वर्गच्या वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला. त्यात वाटूर गावात भावकी मोठी, म्हणजे आडनाव सगळ्यांचं एकच. स्क्रिप्टने वाटूरची सगळी मुलं गोळा केली आणि एक ठेवला. चष्मा, किराणा दुकान, बाजूला मोबाईल रिचार्ज. गावातला एकमेव उपवर म्हणून तो तसा बराच होता. मी सगळं फाईलच्या प्रतीवर करत होते म्हणून वाटूर वाचलं.

हे निस्तरत होते त्या रविवारी ती बाई जिना चढून वर आली. धावड्याची मुलगी, भोकरदन तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका, पस्तिशीच्या पुढची. एसटीने आली होती. पदराने वारा घेत तिने विचारलं की नको असलेली नावं इथंच काढतात का. मी हो म्हणाले. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मंग माझं काढा."

मी विचारलं, लग्न ठरलं का. ती म्हणाली, ठरलं न्हाई, करायचंच न्हाई. घरात सांगून इतकी वर्षं झाली की आता सांगायचा कंटाळा आला. आई ऐकून घेते, हो म्हणते आणि पुढच्या मेळाव्याला फोटो पाठवते. आजवर फाईल मंडळाच्या संगणकात होती म्हणून तिनं चालवून घेतलं. आता ती मोबाईलवर येणार. कोणा पोराचा बाप साइट उघडणार आणि शाळेच्या बाईंचा रंग निमगोरा, उंची अमुक, अपेक्षा निर्व्यसनी, हे वाचून दुसऱ्या दिवशी पालक सभेला येणार. आधीच गेल्या मोसमात एक मुलगा शाळा भरलेली असताना येऊन बसला होता. ही वर्गावर होती. तेवढ्यात त्याने व्हरांड्यात सहावीच्या पोरांना विचारून घेतलं की तुमच्या बाई फार ओरडतात का.

"मग?" मी विचारलं.

"पोरांनी खरं सांगितलं," ती म्हणाली. "तरी हलला न्हाई."

मला हसू आलं, पण नियम आडवा होता. आमच्या मंडळाच्या घटनेत लिहिलंय की ज्या पालकाने नाव नोंदवलं त्याच्याच सहीने ते निघेल. नियम केला तेव्हा पोरं रुसून नावं काढतील अशी भीती होती. मी तिला तो वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला.

"मॅडम, मतदान मी करते, टॅक्स मी भरते, लोक आपली पोरं माझ्या भरवशावर सोडून शेतात जाऊन राह्यले," ती म्हणाली. "माझंच नाव काढायला मी बाप कुठून आणू? वडील वारले. आई सही करणार न्हाई. म्हणजे मी आता जन्मभर नवरी?"

मी काढते म्हणाले. तिने विचारलं, नक्की? मी वहीत लिहून दाखवलं. मी लिहिलं की ते होतं, हे तिला काय माहीत, पण वही बघून ती जरा सैल झाली आणि बस गाठायला गेली.

अध्यक्षांना कळवणं माझं काम होतं, म्हणून कळवलं. ते उखडलेच. सरकारी नोकरीवाली मुलगी फाईलमध्ये असली की मुलांकडचे लोक मंडळात येतात, म्हणाले. दुकानाच्या काचेतली साडी कोणी काढून आत ठेवतं का? मी म्हणाले, साहेब, साडी स्वतः जिना चढून आलीय आणि मला काढा म्हणतेय. त्यावर ते म्हणाले विषय बैठकीत घेऊ. आमची बैठक कधी होते ते मला माहीत आहे, कारण ती मीच बोलावते. मेळाव्याच्या आधी काही बोलावली नाही.

तिचा नोंदणी क्रमांक स्क्रिप्टला दिला, स्क्रिप्ट चालवली, नवी फाईल साइटवाल्याला पाठवली. त्याने तपासायला साइट माझ्या फोनवर सुरू करून दिली. मी धावडा टाकून शोधलं, तर बाई हजर. जराशी उंच झालेली.

नीट बघितलं तेव्हा उलगडलं. ती नोंद काकांनी केली होती. आणखी शोधलं तर मामांनी केलेली निघाली, मग आत्यांनी केलेली. दर मेळाव्याला कोणीतरी प्रेमापोटी तिचा नवा फॉर्म भरून देत होतं, आणि प्रत्येकाने पोरीचं थोडं भलं केलं होतं. काकांनी तिला उंच केलं, आत्यांनी गोरी केली. मामांनी तर वय इतकं उतरवलं की ती माझ्या मुलीपेक्षा लहान झाली. एकीकडे शाळेतलं नाव, एकीकडे घरातलं. फोन वेगळे, जन्मवेळ वेगळी, कारण मंगळ टाळायला पत्रिका बघणाऱ्या गुरुजींनी पंधरावीस मिनिटं इकडेतिकडे केली होती. क्रमांकाने शोधावं तर प्रत्येक नोंदीचा क्रमांक निराळा. तारखेने शोधायची हौस माझी वाटूरला फिटली होती. आणि काही मला दिसलेल्याच नसतील तर? एक जरी राहिली तरी ती साइटवर जाणार, म्हणजे माझा शब्द गेला.

बियाणे कंपनीत मी लॉट ओळखते ते पिशवीच्या रंगावरून नाही, मूळ कुठलं त्यावरून. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता तेच डोक्यात आलं. बायोडेटामध्ये लोक काय काय बदलतात? वय उतरवतात, उंची चढवतात, पगारात भत्ते धरतात, दोन एकराची बागायत चार करतात. पण मामेकुळ कोणी खोटं लिहीत नाही. आईचं माहेर, मामाचं आडनाव, मामाचं गाव. सोयरिकीला बसलेला पहिला म्हातारा पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि तिथे घोळ झाला तर पुढे बहीण-भावाचं नातं निघायची भीती. बाकी सगळं थापा मारायला मोकळं, ही एक ओळ सोवळ्यातली. आमच्या अख्ख्या फाईलमध्ये भरवशाची गोष्ट एवढीच होती आणि मी ती सोडून तारखांच्या नादी लागले होते.

नवा नियम लावला: आडनाव, मूळ गाव, मामेकुळ आणि मामाचं गाव, चारही जुळलं तर बाजूला काढ. पुसू नको, बाजूला काढ, कारण सख्ख्या बहिणींचं मामेकुळ एकच असणार. वाटूरनंतर मी संगणकाला शेवटचा शब्द देत नव्हते. बाजूला आलेल्या नोंदी घेऊन मी शिक्षिकेला फोन लावला आणि एकेक वाचून दाखवत गेले.

"ही मीच," ती म्हणाली. "ही पण मीच. थांबा, ही? एवढी उंच मी कधी व्हते?"

"काकांनी केली."

"काकाला मी बसलेलीच दिसते, मंग उंची कुठून मोजली?" ती हसायला लागली. पुढची वाचली तर म्हणाली, ही माझी मोठी बहीण, तिला दोन लेकरं आहेत, तिलाही काढा, जावई रागावतील. आत्यांनी केलेल्या नोंदीत अपेक्षांच्या जागी 'मुलगा परदेशात चालेल' असं होतं. ती म्हणाली, माझ्या आत्याला परभणी परदेश वाटतं. शेवटची नोंद झाल्यावर तिचं हसणं थांबलं. म्हणाली, "सगळ्या काढा, मॅडम. एक पण ठेवू नका. मी मोजून राह्यले न्हाई, तुम्ही मोजा."

काढल्या. साइटवर धावडा टाकलं, तिचं आडनाव टाकलं, मामेकुळ टाकलं. 'नोंद आढळली नाही.' मी त्या पडद्याचा फोटो काढून तिला पाठवला. तिने उत्तरात फक्त अंगठा पाठवला, पण चार वेळा. त्याच नियमाने बाकीच्या फाईलमधली दुबार स्थळंही उघडी पडली. पुष्कळ लोकांची पोरं नातेवाइकांच्या कृपेने दोन-तीन वेळा उपवर होती.

पुढच्या रविवारी तिची आई आली. अध्यक्षांनी फोन करून सांगितलं होतं, आणि काय होतंय ते बघायला तेही येऊन बसले होते. बाई साठीच्या, नऊवारी, हातात नायलॉनची पिशवी, बोलायला खणखणीत. आधी मला म्हणाल्या, दाखवा कुठंय माझी लेक. मी फोन दिला. त्यांनी शोधलं, वर केलं, खाली केलं, फोन हलवून बघितला.

मी सांगितलं, ती स्वतः आली होती, काढा म्हणाली, मी काढली.

"मला इचारलं असतं तर मी न्हाई म्हणले असते," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच विचारलं नाही, काकू."

अध्यक्ष पंख्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता आवाज चढेल, खालचे भांडीवाले शेटजी वर येतील. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि वेगळंच विचारलं. आता फोन येणार न्हाईत का? मी म्हणाले, नाही. कुणाचेच न्हाई? कुणाचेच नाही. मग त्या बराच वेळ आपणहून सांगत गेल्या. पोरगी सकाळी शाळेला जाते. घरात त्या एकट्या. दुपारी फोन वाजतो. कोणी अंबडचं, कोणी घनसावंगीचं, कोणी थेट लातूरचं. त्यांच्या घरात किती माणसं, सून कशी निघाली, थोरल्याचं का मोडलं, सगळं कळतं. मी विचारलं, एवढ्या स्थळांतलं एकही पसंत पडलं नाही?

"मी तरी कुठं देऊन राह्यले व्हते?" त्या म्हणाल्या. "ती न्हाई म्हणायच्या आधी मीच काही ना काही काढायचे. एकाला म्हणलं कान मोठे आहेत. बोलायला बरं असतं, माय."

अध्यक्षांनी पंखा सोडून त्यांच्याकडे बघितलं. त्यांची काचेतली साडी विकायचीच नव्हती, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

बाईंनी मग माझ्याकडे झुकून हळूच म्हटलं, "एक राहू द्या ना. ती उंचवाली. तिला कळतंय कशाला?"

त्या क्षणी मला हो म्हणायचा फार मोह झाला. दुपारी फोन वाजणार म्हणून वाट बघणारं माणूस समोर बसलं होतं, आणि माझ्यासाठी ती एक पिशवी परत टाकण्याची गोष्ट होती. मी नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही. ते त्यांना माहीतच होतं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या आणि माझा फोन परत मागून बाकीच्या मुली बघायला लागल्या. ही फार नटलीय, ह्या पोराचं पोट बघा, हिचे वडील मला माहीत आहेत, बोलता बोलता थुंकतात. जेवायची वेळ होईपर्यंत त्यांनी जवळजवळ सगळा तालुका नापास केला.

तेवढ्यात मी साइटवाल्याकडून एक गोष्ट बदलून घेतली. नाव नवं असो की जुनं, कोणीही भरलेलं असो, आधी निरोप त्या मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या फोनवर जाणार आणि त्याने हो दाबलं तरच नोंद दिसणार. अध्यक्ष म्हणाले अर्धी फाईल रिकामी होईल. तेवढी झाली नाही. पण हो न दाबणाऱ्यांत मुलगेही बरेच निघाले, हे आम्हाला नवीन होतं.

मेळावा जालन्यातल्या एका मंगल कार्यालयात झाला. धावड्याच्या काकूंना बघायला यायचंच होतं, आणि एकट्या कशा येणार म्हणून लेक सोबत आली. दाराशी आमचे खजिनदार छापील यादी घेऊन बसले होते. प्रत्येक उमेदवाराचं नाव शोधायचं, खूण करायची, छातीवर नंबराचा बिल्ला लावायचा. शिक्षिका समोर आल्यावर त्यांनी सवयीने विचारलं, गाव? तिने सांगितलं. आडनाव? तेही सांगितलं. मी शेजारीच फुलांचा हिशेब करत राहिले.

खजिनदारांनी बोट फिरवलं, पान उलटलं, परत मागे आले. "बाई, तुमचं नाव न्हाई यात."

"नीट बघा," ती म्हणाली.

त्यांनी चष्मा पुसून परत सगळी पानं बघितली. मागे रांग वाढत होती. "बिलकुल न्हाई."

"अजून एकदा बघता का?"

त्यांनी बिचाऱ्यांनी तिसऱ्यांदा बघितलं. मग घाबरून म्हणाले, मॅडमच्या कम्प्युटरनं खाल्लं असंल, नाराज होऊ नका, मी आत्ता हातानं लिहून घेतो. त्यांनी पेन उघडलं. तिने ते त्यांच्या हातातून काढून टोपण लावून परत दिलं, राहू द्या म्हणाली, आणि आईला घेऊन आत गेली.

दोघी मागच्या रांगेत पंख्याखाली बसल्या. व्यासपीठावर मुलं एकेक करून येत होती, नाव, गाव, पगार, अपेक्षा सांगत होती. प्रत्येकानंतर काकू लेकीच्या कानाला लागून काहीतरी म्हणत आणि ती तोंडावर पदर धरून हसे. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा अध्यक्षांनी माइकवरून शांतता राखा म्हटलं, तेव्हा दोघी उठून बाहेर चहाला गेल्या.